मुलांसोबत मजा येत नाही, म्हणजे मी वाईट आई आहे का?

माझ्याकडे समुपदेशनाला आलेली पुण्यातल्या धायरीची एक क्लायंट, आपण तिला मानसी म्हणू (नाव आणि थोडेफार तपशील बदललेत). आयटीत नोकरी, मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोनचा. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, जो तो सांगतो हे दिवस परत येणार नाहीत, एन्जॉय कर. मला तर रात्री दोघं झोपले की सुटल्यासारखं वाटतं. नॉर्मल आहे का हे?"

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या आया विचारतात आणि विचारताना आवाज इतका खाली जातो जणू काही गुन्हाच कबूल करतायत.

मानसीला निमित्त झालं होतं फुलराणीचं. पेशवे पार्कातली मुलांची ती छोटी आगगाडी 1956 पासूनची, त्यामुळे पुण्यात वाढलेल्या बऱ्याच घरांत आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांची एखादी तरी आठवण तिच्याशी असतेच, तशी मानसीचीही लहानपणची सगळ्यात लाडकी आठवण तीच. म्हणून सुट्टीत मुद्दाम मुलांना घेऊन गेली, तर रांगेत धाकट्याने भोकाड पसरलं, आपला नंबर आला तेव्हाच मोठीला शू लागली, कसंबसं बसले तर हिने पूर्ण चक्कर मोबाईलवर शूट केली, आणि परत येताना सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये हिला रडूच यायला लागलं की आपल्याला काहीच कसं वाटलं नाही.

अशा वेळी मी आधी दुसरंच तपासते. झोप, भूक कशी आहे, मुलं सोडून बाकी गोष्टींत रस आहे का, दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटतंय का, जगणं नको वाटतं का. यातलं काही बिघडलेलं असेल तर गप्पांवर भागवायचं नाही, सरळ सायकियाट्रिस्टकडे जायचं, आणि रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416. मानसीचं तसं नव्हतं. मैत्रिणींबरोबर ती खळखळून हसत होती, मिसळ चवीने खात होती. ती प्रचंड दमलेली होती, आणि वर दमायचंही नाही अशी तिची स्वतःकडून अपेक्षा.

मी तिला एक अभ्यास सांगितला. 2004 साली छापून आलेल्या या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांना आदला दिवस आठवून कुठलं काम करताना कसं वाटलं ते लिहायला लावलं होतं, आणि त्यात मुलांना सांभाळणं हे टीव्ही बघण्याच्या आणि चक्क स्वयंपाकाच्याही खाली आलं. मुलांवर माया नाही असा याचा अर्थ अजिबात नाही, त्या त्या तासाला ते काम दमवतं एवढंच. मानसी म्हणाली, "हे सासूबाईंना फॉरवर्ड करू का?" पहिल्यांदा हसली तेव्हा.

मग होमवर्क दिलं. तुमच्या आईला फोन करा आणि तुमच्या त्या फुलराणीच्या दिवसाबद्दल विचारा, तिला काय आठवतं ते.

पुढच्या वेळी आली ती सांगायला उतावीळ होऊनच. "आई म्हणाली, कसली फुलराणी गं, माझी चप्पल तुटली होती त्या दिवशी! अंगठा सुटला तर पिन लावून फरपटत दांडेकर पुलापर्यंत आले, तुझे बाबा पुढे चालतायत, मागे वळूनसुद्धा बघेनात, आणि तू कडेवरून उतरायला तयार नाहीस." मायलेकी फोनवर अर्धा तास हसत होत्या. म्हणजे मानसीच्या आठवणीतला तो सोनेरी दिवस तिच्या आईसाठी तुटक्या चपलेचा होता, आणि आईला त्याची मजा आली ती इतक्या वर्षांनी, सांगताना.

मला मानसीला हेच दाखवायचं होतं. आनंद त्या क्षणीच वाटला पाहिजे ही सक्ती सोडा, बराचसा तो नंतर बोलण्यातून तयार होतो. रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी आया मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल कशा बोलतात यावर खूप वर्षं काम केलंय. ज्या आया तपशिलात शिरून, मोकळे प्रश्न विचारत बोलतात त्यांची मुलं आपल्या आठवणी जास्त भरभरून सांगतात असं त्यात दिसतं.

मानसी आधी विचारायची, "मजा आली ना आज?" त्यावर लेक म्हणणार "हो", विषय संपला. मी म्हटलं, दिवसातली एकच गोष्ट घ्या, वाईट का असेना, आणि तिच्यात शिरा. तर त्या रात्रीचं बोलणं साधारण असं झालं:

"त्या दिवशी दादू रांगेत एवढा का रडला असेल गं?" (दादू म्हणजे धाकटा. ती फुलराणीचीच गोष्ट, उशिरा का होईना.)

"त्याला वाटलं गाडी आपल्याला सोडून जाणार."

"तुला कसं कळलं?"

"मला पण तसंच वाटलं होतं. म्हणून तर शू लागली."

मानसीला हे माहीतच नव्हतं, तिच्या व्हिडिओत ते कुठे दिसणार!

नुसत्या गप्पांनी थकवा जात नाही हेही खरं, म्हणून एका सेशनला नवऱ्याला बोलावलं. सकाळचा डबा आणि स्कूल व्हॅनपर्यंत सोडणं त्याच्याकडे गेलं, "मी हेल्प करतो" हे वाक्य मी त्याला वापरू दिलं नाही. बायकोला मन रमवायला सांगायचं आणि पहाटे साडेपाचला कणीक तिनेच मळायची, याला काही अर्थ नाही. फिरायला गेलं की चार फोटो काढून मोबाईल पर्समध्ये, एवढं तिने स्वतःच ठरवलं.

चिडचिड अजून होते, ओरडतेही. पण आता रात्रीच्या गप्पांत नवरापण घुसलाय आणि त्याच्या स्टोऱ्या लेकीला जास्त आवडतात, मागच्या वेळी मानसीची तक्रार होती ती ही.