ज्या अंड्याची आई ठाऊक नाही

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. २४ अंडी, ९ पिल्लं, आणि अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी कवचातच गेलेली ती बाकीची. तू उबवणीच्या मशीनमधल्या दमटपणाला दोष देतेस. थोडा तिकडेही असेल. पण तुझा कोंबडा गोंडेवाला आणि खुराड्यातल्या कोंबड्याही गोंडेवाल्याच. आपल्या अराउकाना, म्हणजे निळी अंडी देणाऱ्या बिनशेपटीच्या जातीच्या कोंबड्यांच्या, कानाजवळचे पिसांचे गोंडे ज्या जनुकामुळे येतात, ते आई आणि बाप दोघांकडून आलं तर पिल्लू जगत नाही. असा जोडा लावला की चारातलं एक जाणारच, आणि तेही अगदी शेवटी शेवटी. साफ चेहऱ्याची, म्हणजे बिनगोंड्याची कोंबडी लाव, हे मरण थांबेल, आणि निम्म्या पिल्लांना गोंडे तरीही येतील. तू तर साफ चेहऱ्याच्या तलंगा विकून मोकळी झालीस. वाचून जीव चरफडला.

आता तुझा खरा प्रश्न. नोव्हेंबरात कोलंबसच्या कोंबड्यांच्या शोला न्यायचा तो काळा कोंबडा, दोन्हीकडे सारखे गोंडे, पाठ सुरेख उतरती. तो पैदाशीला ठेवायचा का? आणि खाली एका ओळीत सहज लिहून गेलीस की त्याची आई कोणती ते सांगता येत नाही, अंडी एकाच टोपलीत होती.

ज्या अंड्याची आई ठाऊक नाही, ते मशीनमध्ये जात नाही. ऑम्लेट कर, शेजाऱ्याला दे. मशीनमध्ये नाही.

तुला वाटेल, काका अंड्यावरच्या एका पेन्सिलीच्या खुणेवरून एवढे का चिडतात. २०११ च्या वसंतात आई आजारी होती म्हणून मी तीन आठवडे साताऱ्याला होतो. इथे ओहायोत शेजारी अंडी गोळा करायचे, त्यांनी ती प्रेमाने एकाच टोपलीत ठेवली. परत आलो तेव्हा माझी सगळ्यात निळं अंडं देणारी म्हातारी कोंबडी शेवटच्या हंगामात होती. वाटलं, यात तिची पाच-सहा तरी असतील. ३० च्या ३० अंडी लावली. त्यातून एक कोंबडा निघाला, तुझ्या कोंबड्यासारखाच देखणा. दोन वर्षं शोमधून बक्षिसाच्या रिबिनी आणल्या. त्याच्या मुली अंड्यावर आल्या आणि पेटीत हात घातला तर मळकट, शेवाळी हिरवं अंडं. एकीचं नाही, सगळ्यांचं. तरी मी त्याला आणखी एक हंगाम ठेवला, रिबिनींसाठी. म्हातारी त्या थंडीत गेली. तो निळा रंग मला पुन्हा मिळायला सहा वर्षं लागली.

पंच कोंबडा हातात घेतो, गोंडे चाचपतो, शेपूट नाही ना हे बघतो. त्या कोंबड्याच्या आत कुठल्या अंड्याचा रंग आहे, ते त्याला दिसत नाही. दिसणारही नाही, कारण कोंबडा अंडं देत नाही. म्हणून तर वही लागते.

आणि फसायला आपण एकटेच नाही. स्पेनचे प्राध्यापक कास्तेयो यांनी चिलीत या कोंबड्या पाहिल्या आणि १९२१ साली हेगच्या जागतिक कुक्कुट परिषदेत ही वेगळीच प्रजाती म्हणून मांडली. पुढे कळलं की चिलीतल्याच डॉ. बुस्तोस यांनी लांडी कोयोंका आणि गोंडेवाली केत्रो या दोन जातींच्या संकरातून त्या तयार केल्या होत्या. एवढा मोठा माणूस, पण समोरच्या पक्ष्याचे आईबाप त्याला ठाऊक नव्हते.

तुझा कोंबडा शोला ने, खुशाल ने. पैदाशीला मात्र आधी तपास. वसंतात त्याला पांढरं अंडं देणाऱ्या लेगहॉर्नवर सोड आणि निदान आठ मुली अंड्यावर येईपर्यंत सांभाळ. निळ्याचं जनुक पांढऱ्यावर वरचढ असतं, हे आनुवंशशास्त्रज्ञ पनेटने १९३३ मध्येच दाखवलं. कोंबड्यात त्याच्या दोन्ही प्रती असतील तर आठही मुली निळं देतील. एकच असेल तर साधारण निम्म्या पांढरं देतील. तो एका प्रतीचाच असूनही आठही मुली निळं देतील, असं २५६ त एकदा घडतं. अंड्यावर हिरवट झाक आली तर निळ्यावर बसलेला तपकिरी रंग कोंबड्याकडूनच आला समज, कारण लेगहॉर्नकडे तो नाही.

झाक नुसती वरून बघू नकोस. अंडं फोड, नळाखाली आतला पापुद्रा सोलून काढ, कवच खिडकीत धर. निळा रंग कवचात आरपार मुरलेला असतो, तपकिरी वरच्यावर बसतो. बाहेरून शेवाळी आणि आतून स्वच्छ निळं दिसलं, की तुला उत्तर मिळालं. आणि हे हंगामाच्या पहिल्या अंड्यांवर कर. पुढे रंग फिकट पडत जातो, तेव्हा काढलेल्या फोटोंवर मी विश्वास ठेवत नाही.

हो, यात वर्ष जाईल. तू एकोणीस वर्षांची आहेस, तुझ्याकडे वर्षं आहेत. लोक मला हट्टी म्हणतात. गेल्या मे महिन्यात एका कप्प्याचं दार उघडं राहिलं, दोन कळप मिसळले, तर मी तीन आठवड्यांची सगळी अंडी वाटून टाकली. बायको म्हणाली, अहो, त्यातली निम्मी तरी चांगली असतील. असतील. पण कोणती निम्मी? माझं त्या दिवशी बरोबर होतं आणि आजही मी तेच करेन.

आमची आजी खुडूक कोंबडी रवणाला बसवायची, तेव्हा प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करायची. डालग्यात दुसरीने येऊन अंडं घातलं तर संध्याकाळी ते बिनखुणेचं अंडं उचलायची. तिला लिहिता येत नव्हतं. तुला येतं. अंडं हातात आलं की तिथेच, पेटीपाशी उभं राहून, मऊ पेन्सिलीने कोंबडीच्या पायातल्या कडीचा नंबर आणि तारीख. घरात नेऊन नाही. कोण बसली ते दिसलं नाही, तर नंबर अंदाजाने लिहायचा नाही. कोंबडी आत शिरली की दार पडतं अशा पेट्या माझ्याकडे चार आहेत, दोन तू ने. पण दर तासाला जाऊन सोडवावं लागेल, कॉलेज असलं तरी.

शनिवारी ये. लेगहॉर्नच्या तीन तलंगा तुझ्यासाठी बाजूला काढल्यात, आणि एक साफ चेहऱ्याची अराउकाना, नंबर ४१, जिची आई आणि आजी दोघी माझ्या वहीत आहेत. तुझीही वही आण, कोरी असली तरी.

तुझा,
काका