सिनेमाच्या पदवीचा हिशेब

दादरच्या माझ्या समुपदेशन केंद्रात निकालांच्या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो : मुलाला किंवा मुलीला सिनेमाचे शिक्षण घ्यायचे आहे, पण त्या पदवीवर पोट भरेल का? या प्रश्नाला मी एका वाक्यात उत्तर देत नाही. त्याचे कारण कळावे म्हणून एका कुटुंबाची हकीकत, ओळख पटण्याजोगे तपशील बदलून, येथे देत आहे.

मुलगी मुलुंडची, इतिहास घेऊन बी.ए. झालेली. तिला चित्रपट अभ्यासात एम.ए. करायचे होते आणि सहकारी बँकेत लिपिक असलेल्या, निवृत्तीला चार वर्षे उरलेल्या तिच्या वडिलांना तिने बी.एड. करावे असे वाटत होते. सोबत मामाही आले होते. ते वीस वर्षे गोरेगावच्या चित्रनगरीत लाइटमन म्हणून काम करीत असल्याने घरातील या वादात त्यांच्या शब्दाला सर्वाधिक वजन होते. “मॅडम, सेटवर मार्कशीट कोणी बघत नाही. ओळख लागते आणि कार्ड लागतं,” असे ते म्हणाले. कार्ड म्हणजे त्या त्या विभागाच्या संघटनेचे सभासदत्व.

मामांचे म्हणणे खरे होते, पण ते वेगळ्याच गोष्टीविषयी होते. चित्रपट बनवण्याचे प्रशिक्षण आणि चित्रपटाचा अभ्यास या दोन वाटा आहेत. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 साली सुरू झालेल्या संस्थेत दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी असे कसब शिकवले जाते. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात 1993 पासून असलेल्या चित्रपट अभ्यास विभागात मात्र सिनेमाचा इतिहास, सिद्धांत आणि विश्लेषण शिकवतात. कॅमेरा चालवण्याची स्वप्ने पाहणारा विद्यार्थी दुसऱ्या वाटेने गेला तर दोन वर्षांनी तो स्वतःला फसवला गेलेला समजतो, आणि घरचे लोक दोष पदवीला देतात.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्याच भेटीत मी तिला “छंद आणि उपजीविका वेगळी ठेवता येते” असे सांगून मोकळी झाले. मुलगी गप्प झाली, वडिलांना बरे वाटले आणि मला ते बरे वाटणे यशासारखे भासले. दुसऱ्या भेटीत ती काहीच बोलेना, तेव्हा लक्षात आले की तिला नेमके काय आवडते हे मी विचारलेच नव्हते.

मग आम्ही सहा आठवडे घेतले. मामांनी तिला एक दिवस सेटवर नेले. 1968 पासून मुंबईत काम करणाऱ्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीच्या चित्रपटांच्या खेळांना ती जाऊ लागली. पेडर रोडच्या गुलशन महालातील चित्रपट संग्रहालय तिने दोनदा पाहिले. मैत्रिणीच्या अर्ध्या तासाच्या मराठी लघुपटाची इंग्रजी उपशीर्षकेही (सबटायटल्स) तिने केली. परत आली तेव्हा म्हणाली की सेटवर पहिल्या दोन तासांनंतर तिला कंटाळा आला. एका शॉटसाठी दिवे लावून होईपर्यंत थांबणे तिच्याने होईना. उपशीर्षकांत मात्र ‘लेकी बोले सुने लागे’ या एका म्हणीवर तिने अख्खी संध्याकाळ घालवली होती आणि वेळेचे भान तिला राहिले नव्हते. तिच्या उत्साहापेक्षा तो कंटाळा मला अधिक उपयोगी वाटला, कारण आवड पुष्कळांना असते, पण काय आवडत नाही हे फार थोड्यांना अनुभवाने ठाऊक असते.

आता प्रश्न पैशाचा होता. वडिलांनी आणलेल्या वहीत एका खासगी संस्थेचे शुल्क लिहिलेले होते, ते त्यांच्या मुदत ठेवीच्या दुपटीहून अधिक. माहितीपत्रकात नोकरीची हमी होती. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांशी बोलायचे आहे असे आम्ही कळवले, तर नामवंत पाहुण्यांची छायाचित्रे आली. या विषयाची पदवी कर्ज काढून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली काही वर्षे मिळकत अनियमित असते आणि हप्ता नियमित असतो. सरकारी विद्यापीठात शुल्क त्या मानाने फारच कमी असते, फक्त प्रवेशाची चुरस आणि वसतिगृहाचा खर्च धरावा लागतो.

प्राध्यापकी हा वडिलांना पटणारा एकच मार्ग होता, म्हणून त्यातील खाचखळगे मी सविस्तर सांगितले. पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा, हवी. नेटच्या यादीत चित्रपट अभ्यास असा स्वतंत्र विषय नाही, त्यामुळे जनसंज्ञापन व पत्रकारिता हा जवळचा विषय घ्यावा लागतो आणि महाविद्यालयाच्या जाहिरातीत नेमकी कोणती पदवी मागितली आहे हे दर वेळी तपासावे लागते. मुंबईत माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम चालवणारी महाविद्यालये पुष्कळ आहेत, पण तेथील सुरुवात बहुधा तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, होते. सरकारी चित्रपट संस्थांतील कायम नोकरीवर मी भिस्त ठेवू दिली नाही; 2022 मध्ये माहितीपट काढणारी सरकारी संस्था फिल्म्स डिव्हिजन आणि जुने चित्रपट जतन करणारे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले, तेव्हा जुन्या पदांच्या आठवणीवर बेत आखणे योग्य नव्हते. उपशीर्षके, माहितीपटांसाठी संशोधन, महोत्सवांसाठी चित्रपटांची प्राथमिक निवड, पटकथा वाचून अभिप्राय लिहिणे ही कामे मुंबईत आहेत. ती पदवी पाहून मिळत नाहीत, केलेले काम दाखवून मिळतात. स्पर्धा परीक्षांसाठी तर तिची बी.ए. पुरेशी होतीच, हे ऐकून वडिलांचा आवाज प्रथमच खाली आला.

शेवटी वडिलांनीच अट घातली : मुदत ठेवीबाहेर एक रुपया नाही, आणि शिकता शिकता उपशीर्षकांचे काम चालू राहिले पाहिजे. मुलीने ती मान्य केली. सरकारी विद्यापीठात दुसऱ्या प्रयत्नात प्रवेश मिळाला. मधल्या वर्षात मिळालेल्या कामामुळेच तिची निवड झाली असे वडिलांना वाटते. मला तशी खात्री नाही. सध्या ती अंतिम सत्रात आहे आणि सेटचा अर्ज भरलेला आहे. उपशीर्षकांचे पैसे चित्रपटाच्या मिनिटांवर मिळतात. ते मिनिटांचे आकडे वडील अजूनही त्याच वहीत, बँकेतल्या सवयीने, तारखेसह उतरवून ठेवतात.