रक्तदाब आणि मूत्रपिंड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (तासगाव): रक्तदाब १५०/९६ निघाला, तर डॉक्टरांनी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासायला सांगितली. रक्तदाबाचा मूत्रपिंडाशी काय संबंध?

उत्तर: फार जवळचा. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे जाऊ देतात. बाकीचे पाणी आणि मीठ रक्तात परत घेतले जाते. मूत्रपिंडात शिरणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंतीतील काही पेशींना तेथील दाब उतरल्याचे जाणवते आणि त्या रेनिन नावाचे द्रव्य सोडतात. १८९८ मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेट आणि बर्गमन या शास्त्रज्ञांना सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात सापडलेले हेच ते रेनिन. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडते, मुख्यतः फुप्फुसांतून जाताना त्या तुकड्याचे अँजिओटेन्सिन-२ होते, आणि ते एकीकडे रक्तवाहिन्या आवळते, तर दुसरीकडे मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक स्रवून घेते. अल्डोस्टेरॉनमुळे मीठ अंगात राहते, मिठामागे पाणी राहते आणि दाब चढतो. हा दाब वर्षानुवर्षे चढाच राहिला, तर मूत्रपिंडाची गाळणी झिजते, आणि झिजलेले मूत्रपिंड दाब आणखी चढवते. ही झीज दुखत नाही; ती रक्तात साठणाऱ्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून आणि लघवीत उतरणाऱ्या प्रथिनांवरून कळते, म्हणून तपासणी टाळू नका.

प्रश्न (कराड): वडील ऊसतोड करतात, रक्तदाबाची गोळीही घेतात. रोज रात्री अंगदुखीची गोळी घेतली तर चालेल का?

उत्तर: रोज तर नाहीच. फडावरून येणाऱ्या कित्येकांच्या खिशात दुमडलेली, नाव फाटलेली गोळ्यांची पट्टी निघते, ती पाहून मला काळजी वाटते. उन्हात घाम जाऊन अंगातले पाणी घटले की अँजिओटेन्सिन मूत्रपिंडाच्या वाहिन्याही आवळते. त्या वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये त्या वाहिन्या उघड्या ठेवतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेमकी ती द्रव्येच बनू देत नाहीत. मग मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, मीठ साठते आणि रक्तदाबाच्या गोळीचा गुणही कमी पडतो. दोन्ही गोळ्या डॉक्टरांना एकत्र दाखवा. कामावर त्यांना सावलीची विश्रांती आणि पुरेसे पाणी मिळेल असे पाहा.

प्रश्न (वाई): साध्या मिठाऐवजी सैंधव वापरले तर?

उत्तर: सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. लोणचे-पापड धरून दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, ही मर्यादा दोन्हींना सारखीच. पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियम’ मीठ मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण रक्तात साठलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकते.