वाचकांचे प्रश्न : एसी किती टनाचा?

प्रश्न : आमची बेडरूम १२ बाय १४ फुटांची आहे. वर गच्ची, पश्चिमेला मोठी खिडकी. वापर रात्रीपुरता, माणसं दोन. दुकानदार सरळ २ टनाचा घ्या म्हणतात. घ्यावा का?

उत्तर : लगेच नको. छताची उंची नेहमीची, ९-१० फूट असेल तर कडक उन्हाळ्याच्या भागात १२० चौरस फुटांना १ टन (टन हे इथे थंड करण्याच्या क्षमतेचं माप, वजनाचं नव्हे) हा ठोकताळा चालतो. तुमच्या १६८ चौरस फुटांना १.४ टन झाले. गच्ची आणि पश्चिमेची खिडकी यांचे प्रत्येकी दहा टक्के धरले की आकडा १.७ च्या आसपास जातो, आणि दुकानदार तिथून २ वर उडी मारतो. पण १.४ च्या वरची वाढ सगळी उन्हाची आहे. ती बाहेरच अडवा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडतो, म्हणून गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप द्या. खिडकीला बाहेरून छज्जा किंवा चिक हवी. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचतं तेव्हा उष्णता खोलीत शिरलेली असते. एवढं केलंत तर १.५ टन पुरेल. जमणारच नसेल तर २ टन, तोही इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा.

घेताना लेबलवरची थंड करण्याची क्षमता वाचा (वीजखपाचा आकडा वेगळा). १ टन म्हणजे सुमारे ३,५०० वॅट. दीड टन म्हणून विकलेल्या यंत्रांत कुणाची ४,८०० असते, कुणाची ५,२००. तुम्हाला ५,२०० वालं हवं. शिवाय हा आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा. पारा चाळिशीपार गेला की क्षमता घटते, म्हणून बाहेरचं युनिट सावलीत, मोकळ्या हवेत बसवा.

प्रश्न : १० बाय १० च्या खोलीत २ टनाचा जुना, बिनइन्व्हर्टरचा एसी आहे. पाच मिनिटांत गार होतं, पण अंग चिकट राहतं. गॅस कमी झालाय का?

उत्तर : गॅस कमी असता तर खोली इतकी चटकन गार झालीच नसती. यंत्र खोलीला मोठं आहे. ठरवलेलं तापमान लगेच गाठून कॉम्प्रेसर थांबतो. हवेतली ओल एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) जमून ड्रेन पाइपमधून निघायला वेळच मिळत नाही. त्यात पंखा चालू राहिला की कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीच्या हवेत मिसळतं. पंखा 'लो'वर ठेवा, दमट दिवसांत ड्राय मोड (ओल काढण्याची सेटिंग) लावा. तापमान १८ वर आणलं तर कॉम्प्रेसर जास्त चालून ओल थोडी निघेल, पण थंडी वाजेल. सतत चालू-बंद होण्याने कॉम्प्रेसरही लवकर झिजतो. बदलायची वेळ आली की १ टनाचाच घ्या.