मला चढत नाही, म्हणालास ना

अरे ऐक,

शनिवारी गंगापूर धरणाकडे तुमचं बसणं झालं ते कळलं मला, कोणी सांगितलं विचारू नको, आणि ओरडायला पण लिहित नाहीये. खटकली ती एकच गोष्ट, बाकीचे दोन बिअरमध्ये आडवे, एकाने तर बाइकवरच ओकलं, आणि तू एकदम नॉर्मल, मला चढतच नाही म्हणे. पोरं तेव्हापासून भाई भाई करतायत.

मला त्या न चढण्याचंच टेन्शन आलंय. ज्याला पटकन गरगरतं तो तिथेच थांबतो, शरीरच ब्रेक मारतं, तुला तो ब्रेकच नाही म्हणजे तेवढीच किक यायला तू जास्त ढोसणार. मार्क शुकिट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने व्यसनी बापांची तरुण पोरं घेऊन वर्षानुवर्षं हेच तपासलं, ज्यांना सुरुवातीला कमी चढायची त्यांच्यातच पुढे व्यसन जास्त निघालं.

आणि घरचं तुला काय सांगायचं. पप्पा पितात म्हणून तू पिणारच असं काही नाही हां, साधारण अर्धा धोका रक्तातून येतो म्हणतात, बाकीचा दोस्त, घरातली कटकट, खिशातले पैसे, आणि कोणत्या वयात सुरू केलं ह्यात. जेवढं लवकर तेवढं वाईट, कारण डोक्यातला 'बास आता' म्हणणारा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. महाराष्ट्रात वाइन आणि माइल्ड बिअरला 21, बाकीला 25, हा नियम तुम्हाला जोक वाटतो. आपल्या नाशिकचं तर काय, द्राक्षं आपली म्हणून वाइन म्हणजे दारूच नाही असं मोठ्यांच्याच डोक्यात बसलंय.

पण एक बघ, मम्मी-पप्पांचं वाजलं की त्याच रात्री ग्रुपवर तुझा 'कुठे बसायचं' मेसेज पडतो. लक्षात आलंय का तुझ्या? मजेत घेणाऱ्यापेक्षा डोकं बंद करायला घेणाऱ्याची मला जास्त भीती वाटते, तो एकटा प्यायला कधी लागतो त्याचं त्यालाच कळत नाही.

तर पुढच्या वेळी घरात आवाज चढले की सरळ इकडे निघून ये, अकरा वाजले तरी चालेल, काकू काही विचारणार नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर 14416 लाव, टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि पोरांनी आग्रह केला तर सांग अँटिबायोटिक चालूये, त्यावर सहसा कोणी मागे लागत नाही.

रविवारी प्रॅक्टिसला ये, सातला, नी-कॅप विसरू नको.

सर