प्रशांत महासागरातल्या पिटकेर्न बेटावरून 1935 साली आलेल्या पाकिटावर न्यूझीलंडची तिकिटं: बनावट समजायचं का?

नाही, 1935 सालासाठी तेच बरोबर आहे. उलट पिटकेर्नचं स्वतःचं तिकीट असतं तर संशय घ्यायला हवा होता. बेटाची स्वतःची तिकिटं ऑक्टोबर 1940 मध्ये आली. त्याआधी, 1927 पासून, तिथे न्यूझीलंडची टपाल एजन्सी होती आणि न्यूझीलंडचीच तिकिटं चालत. म्हणून पाकिटाची खरी किंमत तिकिटात नाही, शिक्क्यात आहे. भिंगाखाली 'पिटकेर्न आयलंड' आणि 'एन. झेड. पोस्टल एजन्सी' ही अक्षरं वाचता येतात का पाहा. शिक्क्याची कड तिकिटावरून सलग पाकिटाच्या कागदावर उतरलेली हवी. ती तिकिटाच्या दात्यांपाशी तुटत असेल तर तिकीट मागाहून चिकटवलेलं असू शकतं. तिकीट शिक्क्यावरच्या तारखेआधी निघालेलं होतं का, हे कॅटलॉगमध्ये ताडून घ्या. तिकीट भिजवून सुटं मात्र करू नका, सगळा पुरावाच जाईल. ठेवायला पीव्हीसी नको, पॉलिप्रॉपिलीनचं आवरण घ्या.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: अस्सल पाकिटांतही बरीचशी संग्राहकांनी मुद्दाम मागवलेली असतात. टपाल नेणाऱ्या बोटीचे नक्षीदार रबरी शिक्के दिसतात छान, पण पुरावा म्हणून कच्चे. खासगी मजकुराचं, योग्य दराची तिकिटं लावलेलं साधं पत्र सहसा जास्त मोलाचं.