वाचकांचे प्रश्न : ओरडूनही ऐकू का येत नाही?

प्रश्न : सासऱ्यांचं वय 74. मोठ्यानं बोललं की 'ओरडता कशाला?' म्हणतात, हळू बोललं की 'पुटपुटू नका'. घर पत्र्याचं, उन्हाळ्यात कूलर दिवसभर चालू. बोलावं तरी कसं?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, त्यांची दोन्ही वाक्यं खरी आहेत. उतारवयात आधी उंच पट्टीचे बारीक आवाज जातात. आ, ओ हे स्वर ऐकू येतात. स, श, थ, ख विरतात. म्हणून सोयाबीनची 'साठ पोती' त्यांच्या कानी 'आठ पोती' होऊन पोचतात. ओरडलं की स्वर फुगतो, 'स' हरवलेलाच राहतो. शिवाय अशा कानाला हळू आवाज पोचत नाही आणि मोठा लगेच टोचतो.

आवाज चढवण्याऐवजी जवळ जा. 6 फुटांवरून 3 फुटांवर आलात की तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलनं वाढतो, घसा न ताणता. उजेड तुमच्या तोंडावर हवा. दाराकडे पाठ करून बसलात तर चेहरा काळाच दिसतो. तोंडावर पदर किंवा रुमाल नको, तोंडात तंबाखू नको. मात्र सगळं ओठांवर सोपवू नका : पाट, भात, माठ हे तिन्ही ओठांवर जवळपास सारखे दिसतात. म्हणून आधी विषय सांगा, 'दवाखान्याचं बोलतेय', मग मुद्दा. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा पुन्हा नको, शब्द बदला. आकडा 'साठ, सहावर शून्य' असा सांगा. 'जाऊ द्या, काही नाही' मात्र कधीच म्हणू नका. घरात माणसं असून म्हातारा माणूस एकटा पडतो, तो या वाक्यानं.

कूलर बोलण्यापुरता बंद करा. पत्रा आणि सिमेंटच्या भिंती आवाज परत फेकतात, शब्द एकमेकांत मिसळतात. जुन्या माळवदाच्या घरात हा त्रास कमी. पत्र्याखालचा थर्माकोल ऊन अडवतो, पण घुमणारा आवाज शोषत नाही. खाटेजवळच्या भिंतीवर जाड वाकळ दोन-तीन बोटं अंतर सोडून टांगा, खाली सतरंजी टाका. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तेव्हा सरळ पाटीवर लिहा.

कानात मळ आहे का, हे डॉक्टरांकडून आधी पाहून घ्या. एखाद्या कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या; उशिरानं उपचाराचा उपयोग घटतो.

प्रश्न : आईचं कानामागचं मशीन शिट्टी मारतं, सेलही लवकर संपतो. मशीन कपाटातच पडून असतं.
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : कानातल्या साच्याच्या फटीतून निसटलेला आवाज परत माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. साचा नीट बसवूनही वाजत असेल तर तो नळीसकट मशीनच्या हुकापासून, म्हणजे कानावर अडकणाऱ्या वाकड्या टोकापासून, काढा आणि हुकाचं भोक बोटानं दाबा. तरी शिट्टी आली तर दोष मशीनमध्ये किंवा हुकात. थांबली तर साचा परत जोडून त्याचं भोक दाबा : आता वाजली तर नळी कडक झालीय किंवा चिरलीय, ती बदला. दोन्ही वेळा शांत राहिलं तर मशीन ठीक आहे. कानात मळ असेल, नाहीतर साचा सैल झालाय, नवं माप द्यावं लागेल.

हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा. एकदा स्टिकर निघालं की सेल कपाटातही उतरत राहतो, परत चिकटवून थांबत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो आतून आणखी लवकर सुकतो, म्हणून वापरायच्या वेळीच उघडा. रात्री सेल बाहेर काढा, त्याचं दार उघडं ठेवून नुसतं मशीन ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. साचा वेगळा काढून साबणाच्या पाण्यानं धुवा. मशीनला पाणी लावू नका. सुरुवातीला शांत घरात रोज दोन-तीन तास घाला, मग वेळ वाढवा. बाजारात पहिल्याच दिवशी घातलं की गोंगाटानं जीव नकोसा होतो आणि मशीन परत कपाटात जातं.

प्रश्न : माझं मेडिकल आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या गिऱ्हाइकाला डोस कसा समजावू?
— एक वाचक, गंगाखेड

उत्तर : अनेकांची पहिली भाषा खुणांची असते, त्यामुळे लांब मराठी वाक्य लिहून दिलं तरी अर्थ पोचेलच असं नाही. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा, प्रत्येकाखाली गोळ्यांचा आकडा लिहा. जेवणाआधीच्या गोळीला भरलेलं ताट, जेवणानंतरच्या गोळीला रिकामं. बिल कॅल्क्युलेटरवर दाखवा. ज्याला मराठी वाचता येतं त्याच्यासाठी अँड्रॉइड फोनवर 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' उघडून मराठी भाषा निवडा आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. बोललेलं पडद्यावर उमटतं. औषधांची नावं मात्र तिथं हमखास चुकतात, ती पट्टीवरच बोट ठेवून दाखवा. शेवटी गिऱ्हाइकाला 'कळलं का?' विचारू नका, कुणीही मान हलवतं. सकाळची गोळी कोणती, ते त्याला बोटानं दाखवायला सांगा.